डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेत जागा मिळवणारी मुलगी



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. फलकलेखन होतं, सर सी. व्ही. रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, मुलांची भाषणं होतात. त्याच दिवशी मुलांना आणि विशेषतः मुलींना सांगावं असं आणखी एक चरित्र आहे. ते एका मराठी मुलीचं आहे आणि त्यात रामनही येतात. फक्त ते तिथे दार उघडणारे म्हणून येत नाहीत, दार अडवणारे म्हणून येतात.

ही मुलगी म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवत आपल्याला लेखिका म्हणून आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून माहीत असतात. कमलाबाई ही त्यांची धाकटी बहीण.

त्यांचं चरित्र पुष्कळ ठिकाणी पहिली स्त्री शास्त्रज्ञ या एका ओळीत संपतं. पण आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांनी त्यातली दुसरी गोष्ट बघायला हवी. प्रयोग करण्याचं कौशल्य माणसाला येतं कसं, आणि ते कुणाला येऊ दिलं जातं, हे त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

बालपण आणि शिक्षण

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, म्हणजे लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत तिथून, अगदी सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये या दोघा भावांची गणना होते. त्यामुळे विज्ञान हा घरातलाच विषय होता. आपणही पुढे बंगळूरला जाऊन संशोधन करायचं, हे कमलाबाईंच्या मनात पक्कं होतं.

१९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत त्या सर्वांत वर होत्या. आता प्रवेशाला अडचण कसली येणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

बंगळूरचा नकार

त्याच वर्षी रामन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले होते. ते संस्थेचे पहिले भारतीय संचालक. १९३० चं नोबेल त्यांच्या नावावर होतं. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. गुण कमी म्हणून नव्हे, अर्ज मुलीचा होता म्हणून. वडिलांनी आणि काकांनी रदबदली केली, तीही चालली नाही.

इथे रामन यांच्या स्वतःच्या विद्यार्थीदशेकडे थोडं बघू, कारण त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना रामन स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजत होते. आपल्याकडे आजही बी.एस्सी.ची मुलं करतात तेच हे साधं प्रात्यक्षिक. प्रिझमच्या पृष्ठावरून फार तिरपा परावर्तित होणारा प्रकाश पाहताना त्यांना काही पट्टे दिसले, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. दुसरा कुणी असता तर रीडिंग घेऊन पुढे गेला असता. रामन तिथे थांबले. त्या निरीक्षणावरचा त्यांचा शोधनिबंध नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

म्हणजे रामन घडले ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत. यंत्रासमोर हवा तितका वेळ उभं राहायला मिळालं आणि दिसलेल्या गोष्टीमागे जायची मोकळीक मिळाली, म्हणून. नेमकी तीच संधी एका हुशार मुलीला द्यायला ते तयार नव्हते. मोठ्या माणसांच्या चरित्रातले असे विरोधाभास मुलांपासून लपवू नयेत असं मला वाटतं. रामन यांचं विज्ञान त्यामुळे लहान होत नाही, पण मुलांना माणूस पूर्ण दिसतो.

कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. नकाराचं कारण विचारलं आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करायची तयारी दाखवली. तो गांधीजींच्या चळवळीचा काळ, त्यामुळे या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट वाचताना आजही मन खट्टू होतं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही मुलाला अशी अट नव्हती. कमलाबाईंनाही ती लागली होती. उतारवयात एका जाहीर प्रसंगी त्यांनी ही सल बोलून दाखवली. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे मान्य करून, या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं आणि तो अपमान आपण विसरू शकलो नाही, असा त्यांचा सूर होता. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना प्रयोगशाळेतलं टेबल हवं होतं.

ते एक वर्ष

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. शिस्तीचे, कामाच्या बाबतीत कडक. त्यांनी कमलाबाईंना जीवरसायनशास्त्रातलं मूळ लेखन वाचायला लावलं, जगातल्या नामवंत शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायला शिकवलं आणि प्रयोग करून घेतले. दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यं यांतली प्रथिनं हा कामाचा विषय होता.

अशा कामात नेमकं काय शिकायचं असतं, हे पालकांसाठी थोडं सांगतो. पुस्तकात डाळीतलं प्रथिन वेगळं करायची कृती चार ओळींत असते. प्रत्यक्षात वजनकाट्याचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. ब्युरेटमधला शेवटचा थेंब कधी थांबवायचा ते डोळ्याला कळावं लागतं. तोच प्रयोग पुन्हा केल्यावर उत्तर तेच आलं पाहिजे, आणि नाही आलं तर चूक हाताची, यंत्राची की मालाची, हे शोधावं लागतं.

भौतिकशास्त्रातही वेगळं काही नाही. स्क्रू गेज हातात घेतलं की आधी शून्य त्रुटी बघायची. स्क्रू एकाच दिशेनं फिरवत आणायचा, मागेपुढे केला तर आट्यांच्या ढिलाईमुळे रीडिंग चुकतं. स्पेक्ट्रोमीटरला दोन्ही व्हर्नियर वाचायचे, कारण वर्तुळाकार मापपट्टीचं केंद्र आणि ती फिरण्याचा मध्य अगदी एका जागी असतीलच असं नाही. दोन्हींची सरासरी घेतली की ती चूक निघून जाते. हे सगळं फळ्यावर दहा मिनिटांत सांगून होतं. हातात यायला मात्र महिने लागतात, आणि तेसुद्धा यंत्र स्वतःच्या हातात असेल तरच.

कमलाबाईंनी ते वर्ष असंच काढलं. वर्षअखेरीला रामन यांनी त्यांचं काम पाहिलं, त्यांचा प्रामाणिकपणा आणि चिकाटी त्यांना पटली, आणि नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. पुढे या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाईंनी आपला प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. मिळवली.

नंतरच्या मुलींमधलं एक नाव भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं आहे, ॲना मणी. १९४० मध्ये त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे व माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केलं. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास प्रकाश पाडत ठेवावा लागे. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी हवामान मोजण्याची शंभराच्या आसपास उपकरणं भारतात बनवता यावीत म्हणून त्यांचे आराखडे प्रमाणित केले. आधी प्रयोगशाळेत शिरायला मिळालं म्हणून हे सगळं घडलं.

केंब्रिज : दिवसा उसनं मिळालेलं टेबल

१९३७ च्या अखेरीस कमलाबाई केंब्रिजला पोचल्या. तिथे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ चं नोबेल मिळालेलं होतं. पण प्रयोगशाळेतल्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. म्हणजे नोबेल विजेत्याच्या दारात पोचूनही प्रश्न पुन्हा तोच, टेबल कुठंय?

तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्याकडचं एक टेबल दिवसा त्यांना वापरायला दिलं. रात्री तेच टेबल ते स्वतः झोपायला वापरत. मुलांना ही गोष्ट सांगितली की हसू येतं, पण त्या उसन्या टेबलावर कमलाबाईंचं केंब्रिजमधलं काम सुरू झालं. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या.

त्यांचा विषय झाला बटाटा. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असतं, आणि केवळ बटाट्यातच नाही तर वनस्पतींच्या सगळ्याच पेशींमध्ये ते असतं, असं त्यांना दिसलं. पेशी श्वसन करते तेव्हा हे द्रव्य इलेक्ट्रॉनची देवघेव करतं. प्राण्यांच्या पेशींतलं सायटोक्रोम त्याआधी माहीत झालेलं होतं. वनस्पतीही श्वसनासाठी त्याच तऱ्हेची यंत्रणा वापरतात, हे दाखवणारं हे काम.

इथे भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र कसे हातात हात घालून येतात ते वर्गात सांगण्यासारखं आहे. सायटोक्रोम ओळखायचं कसं? १९२५ मध्ये केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी ते स्पेक्ट्रोस्कोपमधून ओळखलं होतं. ऊतीतून पांढरा प्रकाश जाऊ दिला आणि पुढे त्याचा वर्णपट पाडला, तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्ट्यात मध्येच काही काळ्या रेघा दिसतात. सायटोक्रोम सी ची ठळक रेघ हिरव्या रंगात, सुमारे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीला येते. द्रव्याला ऑक्सिजन मिळाला की रेघ पुसट होते, ऑक्सिजन संपला की पुन्हा ठळक दिसते. जिवंत पेशीचं श्वसन असं डोळ्यांनी दिसतं, तेही वर्णपटाच्या साध्या तत्त्वावर. आपल्या कॉलेजात स्पेक्ट्रोमीटरवर बसलेल्या मुलीला हे माहीत असलं, तर प्रिझममधून काढलेली रेघ तिला केवळ दहा मार्कांची वाटणार नाही.

कमलाबाईंनी हे काम अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण केलं. त्यांचा प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. हे त्या काळच्या केंब्रिजमध्ये घडलं हे विसरू नये. त्या विद्यापीठानं स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिलं ते १९४८ मध्ये. तेव्हा मागासलेपण एकट्या आपल्याच देशात होतं असं समजायचं कारण नाही.

परत मायदेशी

परदेशात राहता आलं असतं, पण १९३९ मध्ये त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केलं. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांकडून जे विषय करून घेतले ते सगळे आपल्या ताटातले होते. नीरा, ताडगूळ, डाळी, कडधान्यं, तांदळाचं पीठ. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम सुरू केलं. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात असून आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना तिचा उपयोग होतो, असं या कामातून पुढे आलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं.

कडधान्यांवरचं काम तर लातूर-अहमदपूर भागातल्या प्रत्येक घराशी जोडलेलं आहे. आपल्याकडे तूर, हरभरा, मूग, उडीद पिकतो आणि लातूरची बाजारपेठ तूरडाळीसाठी ओळखली जाते. काही कडधान्यांत प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी द्रव्यं असतात. ती कोणत्या धान्यात किती आहेत यावर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात काम केलं. नीट शिजवल्यावर या द्रव्यांचा जोर बराच कमी होतो. वरण मऊ शिजवा असं आजी का सांगायची, त्याचं एक उत्तर इथे सापडतं.

विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना सहज मिळालं नाही. पात्रता असूनही काही वर्षं त्यांना डावललं गेलं, आणि नंतर त्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली होती, त्यातल्या त्या एक. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्यांनी लोकांना शिकवलं आणि विद्यार्थ्यांसाठी मराठीतूनही लिहिलं. म्हणजे प्रयोगशाळेत शिकलेला हात त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत नेला.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं.

आपल्या प्रयोगशाळेत काय दिसतं?

आता आपल्याकडे वळू. कमलाबाईंच्या काळासारखा नकार आज कुणी देत नाही. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या वर्गात मुली मोठ्या संख्येनं आहेत. खेड्यातून एसटीनं येतात, मन लावून शिकतात, निकालात पुढे असतात.

पण प्रॅक्टिकलच्या वेळी दारात उभं राहून बघा. एका स्पेक्ट्रोमीटरभोवती पाच-सहा जणांचा गट असतो. दुर्बिणीला डोळा लावतो आणि स्क्रू फिरवतो एखादा मुलगा. मुली शेजारी उभ्या राहून रीडिंग लिहून घेतात, कारण त्यांचं अक्षर चांगलं. शाळेपासून असंच चालत आलेलं असतं. कुणी अडवत नाही, अट घालत नाही, तरी वर्षाच्या शेवटी त्या मुलीचा हात यंत्राला लागलेला नसतो. १९३३ मध्ये नकार तोंडावर दिला गेला, म्हणून त्याच्याशी भांडता तरी आलं. हा नकार दिसतच नाही.

दुसरी गोष्ट जर्नलची. प्रिझमचा कोन ६० अंश येणार हे आधीच ठाऊक असतं, मग रीडिंग उत्तराकडून मागे भरली जातात. मागच्या वर्षीची वही हाताशी असतेच. अशा जर्नलला पूर्ण मार्क पडतात आणि ५९ अंश ४० मिनिटं असं खरं रीडिंग लिहिणाऱ्याला चूक कुठे झाली म्हणून विचारलं जातं. मग मुलं शहाणी होतात. रामन यांनी अठराव्या वर्षी ते पट्टे पाहिले, कारण त्यांनी खरोखर दुर्बिणीतून पाहिलं होतं. उत्तर आधी लिहिणाऱ्याला ते दिसलेच नसते.

शिक्षक आणि पालकांना करता येण्यासारखं

- गटात कामं फिरती ठेवावीत. आज जो स्क्रू फिरवेल तो पुढच्या वेळी रीडिंग लिहील. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये, हे रीडिंग मी स्वतः घेतलं, अशा निदान तीन नोंदी असाव्यात.
- रीडिंग पेननं लिहायची आणि खोडायची नाहीत. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. चुकलेलं रीडिंग दिसलं म्हणून मार्क कापू नयेत.
- उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर दोन ओळींत कारण लिहायला सांगावं, आणि त्या दोन ओळींना मार्क द्यावेत.
- यंत्रं कमी आहेत हे खरंच आहे. तिथे बॅच लहान करून वेळ वाढवता येतो का ते बघावं. हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेतही टेबल कमी होती, पण एकच टेबल दिवसा एकाला आणि रात्री दुसऱ्याला अशी वाटणी झाली.
- पालकांनी मुलीला प्रॅक्टिकलला किती मार्क पडले हे विचारण्याआधी, आज तू स्वतः कोणतं यंत्र हाताळलंस, हे विचारावं. मुलालाही विचारावं. घरात मिक्सरचा फ्यूज गेला किंवा सायकलची चेन निघाली, तर ती कामं मुलीलाही करू द्यावीत.

विज्ञान दिनाला रामन यांच्या प्रतिमेशेजारी या वर्षी कमला सोहोनींचीही प्रतिमा ठेवूया. भाषणं झाल्यावर प्रयोगशाळेचं कुलूप उघडून स्पेक्ट्रोमीटर बाहेर काढावा, आणि सगळ्यात आधी मागच्या बाकावरच्या मुलीला दुर्बिणीसमोर बसवावं. तिला रेघ सापडेपर्यंत बाकीच्यांनी थांबावं.